रात्री दोन वाजता पहाऱ्यावर कोण होतं?

“मॅडम, आता मला काही वाटतच नाही.”

मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं मला पाठ झालंय. बोलणारे बहुतेक संगणकांच्या सुरक्षेचं काम बघणारे. सुरुवातीला स्क्रीनवर लाल अलर्ट आला की छातीत धस्स व्हायचं, आता न वाचताच बोट ‘बंद करा’वर जातं. हा अलर्टचा थकवा. मग चाचरत प्रश्न येतो, “मी बेजबाबदार झालोय का?”

उत्तर एका तरुणाच्या निमित्ताने देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि दोघा-तिघांचं बोलणं एकात मिसळलंय.

पहिल्या भेटीत त्याचा फोन मांडीवर पालथा होता. दर दोन-तीन मिनिटांनी तो उचलायचा, बघायचा, पुन्हा पालथा घालायचा. फोन वाजत नव्हता.

“कुणाची वाट बघताय?”

“नाही. वाजल्यासारखा वाटला.”

तीनशे माणसांच्या कंपनीत सुरक्षेला हा एकटा. समोर धोक्याचे इशारे देणारी सात टूल्स, सात पासवर्ड, सात तऱ्हेचे रंग. बाहेर कुठे मोठा सायबर हल्ला झाल्याची बातमी आली की वरिष्ठ एक नवं टूल घ्यायचे आणि जुनं काढायचं कुणालाच सुचायचं नाही. कुणी भलत्या लिंकवर क्लिक केलं की ईमेलची गाळणी ओरडायची, अँटिव्हायरस ओरडायचा, लॉगिनवर नजर ठेवणारं टूलही ओरडायचं. गंमत म्हणजे एकच लॅपटॉप एका ठिकाणी माणसाच्या नावाने दिसे, दुसरीकडे नेटवर्कच्या आकड्याने आणि तिसरीकडे खरेदीच्या क्रमांकाने. हे तिन्ही एकच आहेत हे जुळवायला तो वही घेऊन बसायचा. ती वही त्याने मला दाखवली. पानंच्या पानं बाण.

वही बघून मी त्याला मॅकवर्थची गोष्ट सांगितली, ती मी बहुतेकांना सांगते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटायच्या. ही चांगली प्रशिक्षित माणसं होती, तरी निसटायच्या. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने घड्याळासारखी तबकडी तयार केली. काटा टप्प्याटप्प्याने सरकायचा आणि क्वचित एकदम दुप्पट उडी घ्यायचा. उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांकडून उड्या निसटायला लागल्या. हा अभ्यास १९४८ सालचा आहे, तेव्हा ना ईमेल होतं ना फायरवॉल. म्हणजे दोष तुमच्या स्वभावाचा नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर सतत नजर ठेवणं माणसाच्या डोळ्यांना झेपतच नाही.

त्याने मान डोलावली, पण चेहरा तसाच. बरोबर माहिती मिळाली की माणूस लगेच हलका होतो, असं मला माझ्या सुरुवातीच्या काळात वाटायचं. तसं होत नाही.

तिसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं.

“एका रात्री सारखं वाजत होतं. अलर्ट देणारा एकच नियम, पुन्हा पुन्हा. मी तो नियमच बंद केला आणि झोपलो.”

“मग?”

“सकाळी चालू करायचा विसरलो. अकरा दिवस.”

“काही झालं?”

“काही नाही झालं. पण कुणाला सांगितलंही नाही. तेव्हापासून झोप नाही.”

‘असंच झालं पाहिजे’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं सांगणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस; मी त्यांच्या परंपरेत घडलेली. त्यामुळे समोरचा बोलत असताना माझे कान एका अक्षरावर असतात, आणि ते अक्षर म्हणजे ‘च’. “अलर्ट बघितला पाहिजे” ही इच्छा झाली, “एकही अलर्ट सुटताच कामा नये” हा हट्ट झाला. मराठीत अख्खा हट्ट या एका अक्षरात मावतो! त्याच्या बोलण्यात तो पेरलेला होता. मीच बघायला हवं. मला कळलंच पाहिजे. बाहेरच्यांना दिलं तर मी नालायकच.

हे शेवटचं महत्त्वाचं. वरिष्ठांनी दोनदा सुचवलं होतं की चोवीस तास देखरेख करणाऱ्या एखाद्या सुरक्षा सेवा कंपनीला काम द्यावं. दोन्ही वेळा यानेच मोडता घातला. “पहारा परक्यांच्या हाती कसा द्यायचा?”

मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. “आठवड्याचे तास किती?”

“एकशे अडुसष्ट.”

“तुम्ही कामावर किती असता?”

“साठ. कधी सत्तर.”

“वजा करा.”

त्याने अठ्ठ्याण्णव लिहिलं.

“या अठ्ठ्याण्णव तासांत पहाऱ्यावर कोण असतं?”

तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हेच मोठं कौशल्य असतं आणि ते मला जमायला पंधरा वर्षं लागली.

“कोणीच नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे मी जे सोडायला तयार नव्हतो, ते माझ्याकडे नव्हतंच.”

फोन तसाच पालथा होता. पुढची वीस मिनिटं त्याने तो उचलला नाही.

इथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. मी संगणकातली नाही. तरी इतक्या जणांचं ऐकून जे पदरात पडलं ते सांगते, कारण थकवा नुसत्या श्वासाच्या व्यायामाने जात नाही. आवाज कमी करावाच लागतो. (हा ‘च’ मला मान्य आहे.)

आधी टूल्सची झाडाझडती. त्याला मी एवढंच विचारायला सांगितलं, की गेल्या तीन महिन्यांत या स्क्रीनमुळे मी नेमकं काय केलं? चारांच्या बाबतीत उत्तर ‘काही नाही’ आलं. त्यातल्या दोघांचं काम तिसरं आधीच करत होतं. अखेर ईमेल, लॅपटॉप आणि लॉगिन या तिघांचे इशारे एका ठिकाणी येतील, एका घटनेचा एकच अलर्ट होईल, अशी रचना झाली. वही बंद झाली. एकत्रीकरणाचा पैशांतला फायदा सगळे सांगतात, वहीचा फायदा कोणी सांगत नाही.

पण सगळं एकाच विक्रेत्याच्या टोपलीत टाकायची घाई नको. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, हा आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेला. म्हणून बॅकअप आणि तो परत उभा करण्याची तालीम आपल्याच हातात ठेवायची.

मग सेवा देणाऱ्यांची निवड. इथे बहुतेक जण दर विचारतात आणि थांबतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी वेगळं विचारायला लावते. रात्री दोन वाजता तुम्हाला काही दिसलं तर तुम्ही काय कराल? उत्तर “ईमेल पाठवू” असेल तर उठून यावं. सकाळी दोनशे ईमेल पाठवणारा पहारेकरी म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेला थकवा. संशयित लॅपटॉप नेटवर्कपासून लगेच तोडायचा अधिकार त्यांना आहे का, कोणत्या सर्व्हरला न विचारता हात लावायचा नाही, फोन कुणाला करायचा, त्याने उचलला नाही तर पुढे कुणाला, हे कागदावर हवं. त्यांना दिलेला प्रवेशही मोजका आणि वेगळ्या खात्यातून हवा. २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या, दुरून संगणक सांभाळायच्या सॉफ्टवेअरमार्फत हल्लेखोर सेवा देणाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि तिथून त्यांच्या ग्राहकांपर्यंत. पहारेकऱ्याच्या कमरेला किल्ल्या असतात, हे विसरून चालत नाही.

आणि कामं सोपवली तरी जबाबदारी आपलीच राहते. कोणता सर्व्हर कंपनीचा जीव आहे, काल कोण नोकरी सोडून गेलं, हे बाहेरच्याला कसं कळणार? त्याला हे सांगितलं तेव्हा तो चक्क सुखावला. आपण अजून लागतो, हे त्याला ऐकायचं होतं.

सहकाऱ्यांचा थकवा हा वेगळा लेख होईल, तरी एक सांगते. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिन मंजुरीच्या विनंत्या वारंवार येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक स्वीकारली. म्हणजे हल्लेखोरांनाही थकव्याची ताकद कळलीय. मंजुरीच्या वेळी लॉगिनच्या स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाइप करायला लावला की असं बोट सहजी घसरत नाही. दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला हा जाचही सोडून द्या, अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ पासून तशी सक्ती न करण्याचाच सल्ला दिलाय. पासवर्ड फुटल्याची खूण दिसली की मात्र लगेच बदला.

बंद ठेवलेल्या नियमाबद्दल त्याने वरिष्ठांना स्वतःहून सांगितलं. ते आम्ही आधी इथे दोनदा बोलून पाहिलं होतं. वरिष्ठ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “अकरा दिवस रजेवर असतास तरी हेच झालं असतं.” सेवेचा करार त्याच महिन्यात झाला.

शेवटच्या भेटीत त्याची झोप सहा तासांवर आली होती. रात्रीचा अहवाल आता सकाळी एकत्र येतो, साधारण पानभर.

“किती वेळा वाचता?” मी विचारलं.

“दोनदा.”

“एकदा पुरे.”

त्याने जरा विचार केला. “दीडदा,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.