आधी छेद काढ, मग दर्शनी बाजू

प्रिय मित्रा,

वाचनालयाचा आराखडा पाहिला. दर्शनी बाजू देखणी काढली आहेस, पण सुरुवात तिथून नको. वर्षाला ३००० मिलिमीटरवर पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर बंदररस्त्याच्या जुन्या घरांचं रूप पावसानेच घडवलंय. म्हणून आधी रस्त्यापासून परसापर्यंतचा छेद काढ, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून जशी दिसेल ते चित्र.

टेप घेऊन दोन्ही बाजूंची पाच-पाच घरं मोज: जोतं, पडवी किती खोल आहे, पागोळ्यांची रेषा (छपराची खालची कड), आढ्याची उंची. खिडक्यांची नक्षी कुणाच्या लक्षात राहत नाही. पागोळ्यांची रेषा मोडली की मात्र लगेच खुपतं.

खरी अडचण वाचनदालनाची. १२ मीटर रुंद दालनावर ३० अंशांचं एकच कौलारू छप्पर घातलं, तर आढं पागोळीपासून साडेतीन मीटर वर जातं आणि इमारत शेजाऱ्यांच्या डोक्यावर बसते. म्हणून तू सहा-सहा मीटरची दोन छपरं जोडून ठेवलीस. उंची निम्मी झाली, पण मधल्या पन्हळीचं काय? दोन पाख्यांचं पाणी तिथेच उतरणार, आंब्याची पानं साचणार, आणि आषाढात पन्हळ तुंबली की पाणी थेट पुस्तकांवर. त्यापेक्षा दोन छपरांत तीन मीटरचा चौक सोड आणि एका कडेने बुटकी पडवी घालून दोन्ही भाग जोड. पाणी मोकळं पडेल, उजेड येईल, वारा खेळेल. जागा गेली म्हणून समिती कुरकुरेल, कुरकुरू दे.

पुस्तकांची मांडणी तळमजल्यावरच ठेव. घराच्या मजल्याला चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, ग्रंथसाठ्याला २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० किलो, त्यापुढे आणखी. हे वजन वर चढवलंस तर खांब जाड होतील आणि चिऱ्याच्या घराचा हलकेपणा संपेल. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. समुद्राकडची भिंत तर पुस्तकांना देऊच नकोस. तिथे झड लागते, आणि हवेतली आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांवर राहिली की बुरशी धरतेच. त्या बाजूला वर्तमानपत्रांची ओटी कर. म्हातारी माणसं तिथेच बसतील.

चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, सिमेंटचा गिलावा नको. आतली ओल अडकते, क्षार वर येतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) चुन्याने भर. काँक्रीट लागेल तिथे किनाऱ्याच्या हवेसाठी किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटर आवरण. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम ३५ आणि ५०. खाडीची वाळू ठेकेदार स्वस्तात आणून देईल. ती घेऊ नकोस, मिठाने सळ्या आतल्या आत गंजून फुगतात. बिजागऱ्या आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे.

जोतं ६० सेंटिमीटर धरलंस, तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लागतो. तो नंतर चिकटवलेला दिसू नये, पडवीच्या लांबीतच जिरव.

आणि एक, खरं तर हे सगळ्यात आधी हवं होतं: सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा बघ. जागा सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आधीच वसलेल्या शहरी भागात असेल, तर बांधकाम सध्याच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येतं.

छेद १:५० प्रमाणात काढून पाठव, दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांसकट.