संक्रांतीच्या वाणासाठी घरच्या घरी स्वस्तात चॉक पेंट कसा करायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वाणासाठी 51 बोळकी रंगवायची आहेत, विकतच्या चॉक पेंटच्या (खडूसारख्या दिसणाऱ्या, चमक नसलेल्या रंगाच्या) छोट्या डब्या परवडत नाहीत, म्हणून घरात उरलेल्या डिस्टेंपरमध्ये, म्हणजे भिंतीच्या स्वस्त रंगात, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) मिसळून पाहिलं. रंग वाळला, दिसायलाही छान मऊसर दिसतोय, पण हात लावला की बोटाला पांढरं लागतं. मग पीओपीऐवजी खाण्याचा सोडा घालावा की शाळेच्या खडूची पूड?

घोळ पीओपीमुळे झालेला नाही, डिस्टेंपरमुळे झालाय. मी सोलापुरात आठ वर्षं रुखवताचं सामान रंगवून देते. पाट, चौरंग, सुपल्या, बोळकी, शिवाय बंद पडलेल्या मागांवरचे लाकडी बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळायच्या रिळी. पहिल्या वर्षी माझंही असंच बोटाला लागत होतं, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

कुठल्याही रंगात मुख्य गोष्टी दोन. एक पूड आणि दुसरी त्या पुडीला धरून ठेवणारी चिकट. शेंगदाण्याच्या लाडवात गूळ कमी पडला तर लाडू वळला जातो, पण उचलला की भुगा होतो. रंगाचंही तसंच आहे. डिस्टेंपर स्वस्त असतं कारण त्यात मुळातच खडूची पूड भरपूर आणि चिकट बेताची असते. भिंतीला ते चालतं, कारण भिंतीला कोणी रोज हात लावत नाही. त्यात तुम्ही आणखी पीओपी घातलंत, म्हणजे दाणे वाढले आणि गूळ तेवढाच राहिला. सोडा घाला नाहीतर खडू घाला, डिस्टेंपर तेच ठेवलंत तर हाताला लागणारच.

त्यामुळे पहिला खर्च करायचा तो इमल्शनवर. घराच्या आतल्या भिंतींसाठी मिळतं ते साधं पांढरं मॅट इमल्शन घ्या, भारीतलं नको. मी घेते ते लिटरला दोनशे-सव्वादोनशेला मिळतं. पूड म्हणून खडू पावडर घ्यायची. पेंटर लोक लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लगदा) भरायला जी पांढरी पावडर वापरतात तीच ही. रंगाच्या जुन्या दुकानात ‘लांबीची खडू पावडर’ किंवा ‘व्हायटिंग’ म्हटलं की लगेच देतात. किलोभर घेतली तर वर्षभर पुरते आणि पैसे नगण्य लागतात. ही पावडर म्हणजे दळलेली चुनखडी, रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात पडून ती घट्ट होत नाही, गरम होत नाही, रंगाशी भांडत नाही. आठवड्याने डबा उघडला तरी रंग तसाच असतो.

माझं प्रमाण असं: एक वाटी इमल्शन, त्याला पाव वाटीपेक्षा थोडी जास्त पावडर आणि पाव वाटी पाणी. अगदी खडबडीत, जुनाट रूप हवं असेल तर पावडर अर्ध्या वाटीपर्यंत न्या, त्यापुढे नको. पावडर थेट रंगात कधी टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्या ब्रशखाली फुटून पांढरे फराटे उठतात. आधी पावडर पाण्यात कालवायची. पिठल्याला बेसन कालवतो तसं थोडं थोडं पाणी घालत बोटाने गुठळ्या मोडायच्या, दहा मिनिटं ठेवून द्यायचं, मग जुन्या पंचाच्या तुकड्यातून गाळून रंगात ओतायचं. पळीवरून दाट ताकासारखं ओघळलं पाहिजे. पाणी मी पिण्याचं वापरते. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं आणि पिंपात साठवलेलं पाणी घातलेला रंग माझ्याकडे दोनदा कुबट वास मारायला लागला होता. पाणी मिसळलेला रंग तसाही डब्यातल्या रंगापेक्षा लवकर बिघडतो, म्हणून आठवड्याभरात संपेल एवढाच करा.

पीओपी चालत नाही असं नाही. चॉक पेंटच्या घरगुती कृतींत पीओपीच जास्त दिसतं आणि त्याचा थर खरोखर छान बसतो, घासायलाही सोपा जातो. पण पाणी लागलं की ते घट्ट व्हायला लागतं. पाव वाटी पीओपी, तेवढंच पाणी, पटकन कालवून लगेच एक वाटी इमल्शनमध्ये घालायचं आणि त्याच बैठकीत संपवायचं. एक-दोन पाट रंगवायचे असतील तर ठीक. 51 बोळक्यांना मध्ये जेवण करून, पाहुणे आले-गेले बघून रंग द्यायचा असतो, तिथे पीओपी दमवतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगते, उरलेलं पीओपीचं मिश्रण मोरीत ओतू नका. मी ओतलं होतं. पाइपाच्या वळणात ते दगडासारखं बसलं, शेवटी तेवढा पाइप कापून नवा घालावा लागला. उरलेलं डब्यातच वाळू द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं. ब्रशही आधी एका जुन्या डब्यात धुवायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी तेवढं ओतायचं.

खाण्याचा सोडा मी वापरत नाही. तो पाण्यात अर्धवट विरघळतो, उरलेले दाणे रंगात कचकच करतात आणि विरघळलेला भाग पुढे दमट हवेत पांढरा फुलून वर यायची भीती असते. शाळेच्या खडूची पूड चालते, पण आपल्याकडचे बरेचसे खडू पीओपीचेच ओतलेले असतात. एकदा घट्ट झाल्यामुळे ते पुन्हा घट्ट होत नाहीत हे चांगलं, मात्र घरी कुटून ते पुरेसे बारीक होत नाहीत. कितीही चाळलं तरी हाताला रवा लागतो. रांगोळीचंही तेच. खायचा चुना तर मुळीच नको, तो तिखट असतो, हाताची साल काढतो आणि काही रंग उडवतो.

दुकानात आणखी एक गफलत होते. चॉक पेंट मागितला की फळ्याचा रंग हातात ठेवतात. मला एका दुकानदाराने काळा डबा दिला होता आणि मी घरी येऊन उघडेपर्यंत बघितलाही नव्हता. फळ्याचा रंग म्हणजे ज्यावर खडूने लिहायचं तो. चॉक पेंट म्हणजे ज्यात खडूसारखी पूड असते आणि वाळल्यावर ज्याला अजिबात चमक नसते तो. या नावाने तो रंग 1990 साली ब्रिटनमध्ये ॲनी स्लोन यांनी आणला, जुन्या फर्निचरला घासाघीस न करता लावता यावा म्हणून. नाव त्यांचं, पण कल्पना आपल्याला परकी नाही. खडू आणि सरस घालून भिंती रंगवणारे पेंटर आपल्या आजोबांच्या काळीही होतेच.

आता रंगछटा. रंगीत इमल्शनच्या वेगवेगळ्या डब्या घेऊ नका, त्यातच पैसे जातात. पांढऱ्यात स्टेनरचे, म्हणजे रंगात मिसळायच्या दाट पातळ रंगद्रव्याचे, थेंब घाला. स्टेनरची छोटी बाटली वर्ष काढते. फक्त तो सढळ हाताने घालायचा नाही, कारण स्टेनर स्वतः नीट वाळत नाही आणि जास्त झाला की रंग चिकट राहतो. म्हणून पांढऱ्यातून काळा किंवा गडद मरून करायच्या भानगडीत पडू नका, गडद रंग हवा असेल तर तो तयारच घ्या. मातीच्या छटांसाठी माझी आवड गेरू आणि पिवडी (पिवळी माती). चमचाभर गेरू थोड्या पाण्यात कालवून, गाळून पांढऱ्यात घातला की विटेवर ऊन पडल्यासारखी गुलाबी छटा येते, ती कुठल्याही स्टेनरने मला आजवर मिळालेली नाही. गेरू किंवा पिवडी घालाल तेवढी खडू पावडर कमी करा, कारण तीही पूडच आहे. हळद मात्र घालू नका. पहिल्या दिवशी सुंदर दिसते, उजेडात थोड्याच दिवसांत उडते.

बोळक्यांचं वेगळं तंत्र आहे. भाजलेली माती पाणी पिते. पहिला हात दिला की ती रंगातलं पाणी आणि त्याबरोबर थोडी चिकटही ओढून घेते आणि वर पूड उघडी राहते. तुमचं हाताला लागण्याचं हे दुसरं कारण. म्हणून आधी बोळकी कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असं पातळ करून बाहेरून एक हात फिरवा. एकदम तहान लागल्यासारखं ते आत जातं, थोड्या वेळाने मातीचा रंग किंचित गडद दिसतो. हे पूर्ण वाळलं की वर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊ नका, कडेला ओघळतो आणि वाळताना तडकतो. काठावरून आत रंग जाऊ देऊ नका. बोळक्यात तीळ, बोरं, हरभरे, उसाचे करवे भरायचे असतात आणि हा रंग खाण्याच्या जिनसांना लागण्यासारखा नाही.

तुम्ही शेवटी काचेच्या बाटल्यांचंही विचारलंय. शेंगा चटणीच्या बरण्या तर आपल्या घरात साठतातच. त्यांचं तेल आधी भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने काढा, वाळल्यावर स्पिरिटने पुसा आणि मग बोट न लावता रंगवा. तरीही काचेवर हा रंग नखाने निघतो. शोभेला ठेवा, रोजच्या हाताळणीला नको.

लाकडाबद्दल एक अनुभव सांगते, कारण वाणानंतर तुम्ही पाटांकडे वळालच. आपल्याकडे भंगारात मागाचे जुने लाकडी बॉबिन मिळतात. मी त्यांच्या मेणबत्त्यांच्या उभ्या समया करते. पहिले बारा मी नुसते पुसून पांढरे रंगवले होते. दीड महिन्याने त्यातल्या सातांवर मधोमध चहाच्या डागासारखे पिवळे गोल उमटले. वर्षानुवर्षं मागाचं तेल प्यायलेलं लाकूड होतं ते, आणि मॅट रंगाला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल वर आलं. आणखी दोन हात दिले, डाग पुन्हा आले. मग एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्या काकांनी सांगितलं की आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून दोन दिवस सावलीत वाळव, मग लाखेच्या पॉलिशचा एक हात दे. दुकानात ते चपडा म्हणून मिळतं. लाख तेलाला खालीच अडवते. तेव्हापासून एकही बॉबिन परत आला नाही. सागवानी पाटालाही हाच उपाय, नाहीतर सागाचा तपकिरी रस पांढऱ्यावर उमटतो.

हवेचं म्हणाल तर जानेवारी उत्तम. आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत हवा कोरडी असते, ऊन बेताचं असतं, तासाभरात पहिला हात वाळतो. हेच काम मे महिन्यात केलं तर दुपारी ब्रश बोळक्यावर टेकेपर्यंत रंग ओढायला लागतो आणि ब्रशचे वळ तसेच राहतात. उन्हाळ्यात मी सकाळी आठच्या आत पंखा बंद करून रंगवते. उन्हात मात्र कुठल्याच ऋतूत वाळवू नका. सावलीतच वाळवा. पावडर कालवताना आणि कागदाने घासताना तोंडाला रुमाल बांधा आणि घरात लहान मूल असेल तर ते काम गच्चीवर करा.

दोन हात वाळले की 220 नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासा, पुडीचा थर निघून हात गुळगुळीत लागेल. जुनाट रूप हवं असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये काठांवर, फुगवट्यावर मेणबत्ती घासून ठेवा. तिथे दुसरा रंग धरत नाही, पेपर फिरवला की खालचा रंग डोकावतो. गेरूच्या हातावर पांढरा देऊन असं केलं की बोळकं आजीच्या माळ्यावरून काढल्यासारखं दिसतं.

शेवटचा हात चुकवू नका. हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्यांची बोटं हळदीकुंकवाने भरलेली असतात आणि मॅट रंग हळद अशी शोषून घेतो की पुसता येत नाही. पाण्यातलं मॅट वार्निश एक हात द्या. तेलातलं वार्निश पांढऱ्याला पुढे पिवळं करतं, ते फक्त गडद रंगावर. मेण लावायचं असेल तर ते पाटाला, बोळक्यांना नको, मेणावर हळदीचा हात घसरतो खरा पण कुंकू चिकटून बसतं.

तुमचा हिशेब: वीतभर घेराच्या लहान बोळक्याला दोन हात धरले तर 51 बोळक्यांना अर्धा लिटर इमल्शन, त्यात वर सांगितलेल्या प्रमाणात पावडर आणि पाणी एवढं पुरतं. सगळं एकदम कालवू नका, तीन खेपांत करा, पण छटा एकच हवी असेल तर स्टेनर सुरुवातीलाच सगळ्या अर्ध्या लिटरमध्ये मिसळून ठेवा, कारण तीच छटा दुसऱ्यांदा जमत नाही. आधी एका फुटक्या बोळक्यावर लावून दुसऱ्या दिवशी काळ्या फडक्याने घासून बघा. फडकं पांढरं झालं तर मिश्रणात वाटीमागे एक चमचा फेविकॉल घाला आणि पुन्हा बघा. संक्रांतीच्या निदान पंधरा दिवस आधी काम संपवा. रंग वरून तासाभरात वाळतो, पण आतून कडक व्हायला दोन आठवडे घेतो, आणि तोपर्यंत बोळकी एकात एक रचू नका की वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छापील अक्षरं रंगावर उतरतात.