जंगलाच्या वासाचं ९,००० रुपयांचं परफ्यूम नागपुरात घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा की, ‘ओलं जंगल, पाईन, ओकमॉस, माती’ असं लिहिलेलं एक निश (छोट्या, खास कंपनीचं) परफ्यूम ५० मिलीला ९,००० रुपयांत मिळतंय; त्याला खरंच जंगलाचा वास येतो का आणि नागपूरच्या उन्हात ते टिकेल का?

जंगलाचा वास येतो, पण आपल्या नाही. बाटलीतलं जंगल थंड आणि ओलं असतं, आपलं पेंच-ताडोबाचं सागाचं, पानगळीचं. मी अशाच एका परफ्यूमचं २ मिलीचं सॅम्पल मागवलं होतं. मे महिन्यात लावून ऑफिसला गेलो, तर लिफ्टमध्ये एक काका म्हणाले, “आज फरशी पुसली का बाप्पा? फिनाईलचा वास येऊन राहिला.” काकांचं काय चुकलं? फिनाईलमध्ये पाईनचंच तेल घालतात. आपल्या नाकाची पाईनशी ओळख बाथरूममध्येच झालेली.

ओकमॉसचं मात्र घरी तपासता येतं. नाव मॉस असलं तरी ते शेवाळ नाही, ओकच्या झाडावर वाढणारं लायकेन (बुरशी आणि शैवाल मिळून होणारं) आहे. आपल्या सावजी मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, दोन्ही एकाच कुळातली. मूठभर दगडफूल कोरडंच हातावर चुरडा आणि हुंगा. तो मातकट, जुन्या लाकडासारखा वास अंगावर दिवसभर चालेल असं वाटलं तर पुढे जा. (ओकमॉसची काहींना ॲलर्जी होते, म्हणून हल्ली त्यातले त्रासदायक घटक काढून किंवा कृत्रिम पर्याय घालून ते वापरतात.)

तसंही परफ्यूमवाल्यांचं जंगल बरंचसं कल्पनेतलंच. १८८२ साली पॅरिसच्या उबिगां कंपनीनं नेच्याच्या नावाचं ‘फुजेर रॉयाल’ काढलं. नेच्याला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच!

आपल्या जंगलाचा वास म्हणाल तर माझ्यासाठी तो मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये पेंचच्या सिल्लारी गेटकडे पहाटे गेलात तर झाडाखाली फुलांचा सडा असतो. गोडसर, थोडा आंबूस, आणि त्यामागे चक्क शिजत्या भाताचा वास. हा भास नाही. चिन्नोरसारख्या वासाच्या तांदळांना सुगंध देणारं २-असेटिल-१-पायरोलिन हे रसायन मोहाच्या फुलात असतं. आणि वाघ हद्द आखायला झाडावर जी पिचकारी मारतो, तिच्यातही तेच सापडलंय. आमचा गाईड एका सागाच्या खोडाशी जिप्सी थांबवून म्हणाला होता, “भात शिजल्यावानी वास येऊन राहिला ना? सकाळीच गेला इथून.” हा वास बाटलीत भरलेला मी तरी अजून पाहिला नाही.

आता टिकण्याचं. ४५ अंशांत पाईन, लिंबू असले हलके वास पार्किंगपासून लिफ्टपर्यंत येईतो उडतात. मागे उरतात ते जड: वाळा, चंदन, ओकमॉस. म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका. मनगटावर लावा, बाहेर उन्हात एक चक्कर मारा आणि दोन तासांनी पुन्हा हुंगा. तेव्हा जो वास येईल, त्याचेच हे ९,००० रुपये.

माझं विचाराल तर मी सॅम्पलवरच थांबलो. उन्हाळ्यात वाळ्याचं अत्तर लावतो. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजल्यावर येतो तोच वास, त्यामुळे इथं कुणाला खटकत नाही. मृगाच्या आसपास कन्नौजचं मिट्टी अत्तर. भाजलेल्या मातीची वाफ चंदनाच्या तेलात उतरवून ते करतात. स्वस्तात मिळालं तर चंदनाऐवजी पॅराफिन असणार, हे धरून चाला.

आणि पेंचला मोहाच्या दिवसांत जाणार असाल, तर त्या दिवशी अंगाला काहीच लावू नका.