भट्टी घेऊन द्यावी का?

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा करून आली, तेव्हापासून फ्यूज्ड ग्लासच्या वस्तू बनवून विकायचं तिच्या डोक्यात बसलंय. भट्टीसाठी अडीच लाख मागते. एम.एस्सी.चं नाव काढलं की रुसते. आमच्या ओगलेवाडीचा एवढा मोठा काचकारखाना बंद पडला, तिथे हिचा काय टिकाव लागणार? पैसे द्यावेत का? – एक वडील

उत्तर : आत्ता देऊ नका. पण सरळ नाहीही म्हणू नका.

आधी ओगलेवाडीची भीती बाजूला ठेवू. 1916 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात कच्चा माल वितळवून काच तयार व्हायची, शेकडो हातांना काम होतं, प्रभाकर कंदील घरोघरी गेले. तुमची मुलगी काच तयार करणारच नाही. तयार काच हिऱ्याने कापायची, तुकडे एकावर एक रचायचे आणि विजेच्या भट्टीत सुमारे 800 अंश सेल्सिअसला एकजीव करायचे (यालाच फ्यूजिंग म्हणतात), एवढं तिचं काम. ऑर्डर नसेल त्या दिवशी बटण बंद. तिची जोखीम निराळी आहे.

पहिली जोखीम काचेचीच. दोन काचा तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसतील, तर थंड होताना त्यांच्यात ताण राहतो. भट्टीतून अखंड निघालेली बशी आठवड्याने टेबलावर बसल्या जागी तडकते, आणि तोवर ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते. म्हणून फ्यूजिंगच्या रंगीत काचेवर 90 किंवा 96 असा प्रसरणाचा आकडा दिलेला असतो. या दोन जाती एकत्र करायच्या नाहीत. खिडकीची काच तर दोन्हींत बसत नाही, तिचा आकडा आणखी कमी. शिवाय अनीलिंग, म्हणजे काच सावकाश निववणं, नीट झालं नाही तर एकाच जातीची काचही दगा देते. काचेप्रमाणे साधारण 480 ते 550 अंशांच्या दरम्यान तापमान रोखून धरायचं, मग सावकाश उतरवायचं. जाडी दुप्पट केली की निववायचा वेळ दुपटीच्या बराच पुढे जातो. हे दोन दिवसांच्या कार्यशाळेत कळत नाही. रसायनशास्त्राची मुलगी वहीत नोंदी ठेवून शिकली तर कळेल, आणि इथे तिची पदवी वाया जात नाही हे तिलाही सांगा.

दुसरी जोखीम हिशोबाची. बहुतेक जण इथेच गार होतात. समजा, चार कोस्टरचा संच 1200 रुपयांना लावला आणि दुकानाने 40 टक्के कमिशन घेतलं. हातात 720. काच 250, खोका आणि पॅकिंग 90, वीज 40 धरा, उरले 340. कापणं, धुणं, रचणं, कडा घासणं यात तीन तास गेले, तर तासाला 113 रुपये. पाचातला एक संच फुटला की तेही नाहीत. खोलगट वाडग्याचं गणित आणखी अवघड. आधी सपाट तबक फ्यूज करायचं, मग साच्यावर ठेवून 650 ते 680 अंशांना पुन्हा वाकवायचं. म्हणजे भट्टी दोनदा लावायची, आणि सकाळी लावलेली भट्टी बहुधा दुसऱ्या दिवशीच उघडता येते. किंमत ठरवताना मुलं फक्त काचेचे पैसे धरतात.

म्हणून अडीच लाखांऐवजी तिला एक वर्ष आणि तीस-चाळीस हजार द्या. गावातल्या काचवाल्याकडे 3 मिलिमीटरच्या काचेच्या पट्ट्या उरलेल्या असतात, तो त्या जवळपास फुकट देतो. दोन थर रचले की 6 मिलिमीटर होतात आणि वितळलेली काच त्याच जाडीच्या आसपास थांबते. दोन्ही थर एकाच तावदानातले घ्यायचे, दोन तावदानांचा भरवसा नाही. पुण्या-कोल्हापुरात मातीकाम करणारे काही जण आपली विजेची भट्टी भाड्याने वापरू देतात का, हे तिनेच विचारावं, तुम्ही नको. डोळ्यांना चष्मा, कडा घासायच्या त्या पाण्याखालीच. काचेची कोरडी धूळ फुप्फुसांसाठी वाईट. वर्षभरात अनोळखी माणसांना (मामा-मावशी मोजायची नाहीत!) किती माल विकला, कितीला, किती फुटला, एवढं वहीत असावं.

वही भरली तर पुढच्या वाटा आहेत. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्था) सिरॅमिक आणि ग्लास डिझाइनचा एम.डेस., म्हणजे डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. मन शास्त्राकडे वळलं तर कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे, म्हणजे एम.एस्सी.चं दारही बंद होत नाही. फिरोजाबाद एकदा दाखवून आणा. बांगड्यांच्या त्या गावात काचेच्या वस्तूंचे घाऊक भाव ऐकले की आपण काय बनवायचं नाही, ते तिला लगेच कळेल. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा, पण पहिल्या वर्षी कर्ज नको.

भट्टी घ्यायची वेळ आलीच, तर झाकणात तारा असलेली, वरून तापणारी घ्या. मातीकामाच्या भट्ट्यांत तारा बहुधा बाजूच्या भिंतींत असतात आणि सपाट काच त्यात कडेने आधी तापते. पैसे भरण्याआधी मीटरचा मंजूर भार किती आहे आणि घरगुती जोडणीवर हा धंदा चालतो का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून या.