हातात 26 हजार, हप्ता 25,800

पत्र थोडक्यात : मुलीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत 88 पर्सेंटाइल. कॅप राउंडमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) सोलापूरच्या विनाअनुदानित कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) लागलंय. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळतंय, फी वर्षाला 3.5 लाख. बँक 10.5 टक्क्यांनी 14 लाख द्यायला तयार आहे, राहतं घर तारण ठेवून. कॉलेजचं पत्रक म्हणतं, हायेस्ट पॅकेज 42 लाख. घरचं उत्पन्न 6 लाख, आम्ही ओबीसी. कर्ज काढू का? आणि मुलीच्या नावावर एवढं कर्ज असलं तर लग्नाला अडचण येईल का? – एक वडील, बार्शी

नमस्कार,

लग्नाचं आधी उरकतो. ज्या घराला मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाची अडचण वाटेल, ते घर पाहायलाच जाऊ नका. आता हिशोब.

14 लाखांचं कर्ज 14 लाखांवर थांबत नाही. बँक दरवर्षी 3.5 लाख सोडणार आणि त्या दिवसापासून व्याज चालू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज साठतच राहतं. तुम्ही मधे काहीच भरलं नाही, तर सरळव्याजानेही 5 लाख 14 हजार साठतात. म्हणजे पहिला हप्ता येईल तेव्हा डोक्यावर 19 लाखांहून जास्त. 10 वर्षांत फेडायचं तर महिना 25,800, एकूण परतफेड 31 लाख. मुदत वाढवून 15 वर्षं केलीत तर हप्ता 21 हजारांवर येतो, पण एकूण 38 लाख जातात. बँकेतले साहेब तुम्हाला हप्ता सांगतील, ही बेरीज बहुधा सांगणार नाहीत.

आता दुसरी बाजू. परवा माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाने मोबाइलवर पगाराची स्लिप उघडून दाखवली. पॅकेज 3.6 लाख. घरी सगळ्यांनी 12 ने भागून महिना 30 हजार धरले होते. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा गेला, मग त्याच्या वाट्याचा पीएफ, 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स. खात्यात आले 26 हजारांच्या आतबाहेर. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं आणि मेस धरून 12 हजार तिथेच जातात. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत फ्रेशरचं साधं पॅकेज गेली कैक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, आणि 2023 पासून भरतीही आखडली. 2022 च्या बॅचमधल्या काही मुलांनी ऑफर लेटर हातात घेऊन रुजू व्हायला दोन-दोन वर्षं वाट पाहिली. व्याजाने वाट पाहिली नसती.

मग 42 लाखांचं काय? ते एका मुलाचं असतं, कधी दोघांचं. तुम्हाला वर्गातल्या मधल्या मुलाचा पगार हवा. तो आकडा मिळतो, आणि शोधायला फार कष्टही नाहीत. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगसाठी कॉलेजं जी माहिती भरतात ती त्यांना वेबसाइटवर टाकावी लागते. तिथे किती मुलं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे तीन आकडे एका ओळीत सापडतात. प्लेस झालेल्यांना पास झालेल्यांनी भागा. 'ऑफर्स'ची संख्या विचारात घेऊ नका, एकाच मुलाच्या तीन ऑफर्स तीनदा मोजलेल्या असू शकतात. मध्यक 8-9 लाखांच्या पुढे असेल तर मला परत लिहा, मी मत बदलेन. 4 च्या आसपास असेल तर घर तारण ठेवू नका.

माझं मोजमाप साधं आहे : हप्ता हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवा. 26 हजारांवर तो 8 हजारांच्या आसपास बसतो, म्हणजे याच व्याजदराने चार-सव्वाचार लाखांचं कर्ज. कर्जाला माझा विरोध नाही, हीच मुलगी कॅपमधून पुण्याच्या चांगल्या कॉलेजात लागली असती तर मीच तुम्हाला बँकेत पाठवलं असतं. पण 25 हजारांचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी पहिली मिळेल ती नोकरी धरते आणि सोडू शकत नाही. सहा महिने घरी बसून गेटचा (एम.टेक. प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करीन, हेही तिला म्हणता येत नाही.

आणि तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीच, त्यावरून वाटतं की तुम्हाला कुणी सांगितली नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजातही. अट एकच मोठी : प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती माफी नाही, आणि पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतली व्याजसवलतही नाही. म्हणजे तुमच्यापुढे 'सोलापूरची फी की पुण्याची फी' हा प्रश्न नाही. एकीकडे डेव्हलपमेंट फी आणि हॉस्टेल-मेस, दुसरीकडे 31 लाख आणि वर पुण्यातलं राहणं.

ई अँड टीसीचं खोटं कशाला सांगू? काही प्रॉडक्ट कंपन्या फक्त कॉम्प्युटर-आयटीलाच मुलाखतीला बसू देतात, ते दार अरुंद होईल. सेवा कंपन्या बहुतेक सगळ्या ब्रँचेस घेतात. कॉलेजात कॉम्प्युटरची मायनर डिग्री आहे का, आणि पहिल्या वर्षानंतर रिकाम्या जागांवर ब्रँच बदलून मिळते का, हे दोन प्रश्न प्राचार्यांना नव्हे, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. तुमची मुलगीच विचारू दे. दोन पानी पत्रात तिला काय आवडतं याची ओळ मला सापडली नाही.

कॅपमधली सोलापूरची सीट फ्रीज, म्हणजे पक्की, करायला तुमच्याकडे परवापर्यंत वेळ आहे. नॉन-क्रिमिलेयरचा दाखला पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध आहे का ते आज रात्रीच काढून बघा, उत्पन्नाचा दाखला याच वर्षाचा हवा, आणि प्रवेश झाला की लगेच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फी माफीचा अर्ज. पुण्याच्या एजंटला 'जागा धरायला' म्हणून काही दिलं असेल तर पावती आहे ना? नसेल तर उद्या सकाळी आधी तिथे फोन करा.