नातेवाइकांच्या भेटी आणि फिरणं, पाच दिवसांच्या गाडीप्रवासात दोन्ही कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर पुण्याहून गाडीने निघायचंय, कराडला काका, शिरोळला मावशी, मालवणला आत्या, आणि बरोबर सत्तरीच्या आई आणि दोन मुलं. सगळा वेळ चहा-पोह्यांतच जाईल आणि मुलांना काहीच बघायला मिळणार नाही, ही तुमची भीती.

याच पट्ट्यात आमचं निम्मं गोत आहे. माझं ठाम मत असं, की नातेवाईक वेगळे आणि ठिकाणं वेगळी असा हिशोब मांडूच नका. ज्यांच्याकडे उतराल त्यांनाच गाडीत घ्या. जागा पुरत नसेल तर तुमच्यापैकी एकाने घरी थांबावं, पण मावशींना न्यावंच.

माझी मामी कुरुंदवाडची. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ तिच्या घरापासून गाडीने फार लांब नाही, पण संसाराच्या रगाड्यात तिचं तिकडे नीट जाणं झालंच नव्हतं. आम्ही तिला बरोबर नेलं. तिथल्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही, वर गोल आभाळ दिसतं. खाली त्याच मापाची गोल शिळा आणि भोवती कोरीव खांबांची वर्तुळं. मामी त्या शिळेपाशी उभी राहून मान वर करून बघत राहिली, आणि मग मुलांना घेऊन एकेक खांब हाताने चाचपत फिरली. देवळासमोर नंदी का नाही, याची गोष्टही तिनेच सांगितली: दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, म्हणून रागावलेला महादेव इथे एकटा. मुलांना ती गोष्ट अजून पाठ आहे. गाइड घेतला असता तर एवढी लक्षात राहिली नसती.

आता तुमचा मार्ग. पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारचं जेवण कराडला. काकांना घेऊन प्रीतिसंगमावर जा. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात, आणि काठावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. चारच्या आत मात्र कराड सोडा. दिवाळीनंतर कारखाने सुरू झालेले असतात आणि अंधार पडला की आतल्या रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्या पुढ्यात येईपर्यंत दिसत नाहीत. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. हे मी फार कळकळीने सांगतोय.

शिरोळला दोन रात्री राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी खिद्रापूर, येताना नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन घ्या आणि कवठाची बर्फी घ्यायला विसरू नका. दुपार पूर्ण मोकळी ठेवा. दोघी बहिणींना एकमेकींशेजारी आडवं पडून बोलायला मिळणं, हेच आईंसाठी या प्रवासातलं सगळ्यात मोठं ठिकाण आहे. त्यात दुसरं काही घुसवू नका.

पन्हाळा या खेपेला सोडा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी नीट बघायला अर्धा दिवस हवा, आणि घाईत बघण्यासारखा तो गड नाही.

तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात लवकर अंबाबाईचं दर्शन घेऊन राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरा, कणकवलीवरून मालवण. गगनबावड्याचा करूळ घाट मुलांना जास्त आवडेल, पण तो मागे कामासाठी बरेच महिने बंद होता. चौकशी करूनच त्या वाटेला जा.

मालवणला सिंधुदुर्गासाठी सकाळची होडी धरा. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! मुलांना त्या आधी दाखवा, मग चुन्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे. होडीत चढता-उतरताना आईंना दोघांनी धरावं लागेल, बाकी त्रास नाही.

आणि प्रत्येक घरी दोन दिवस आधी फोन करून सांगा: मुक्काम असेल तिथे रात्री साधं पिठलं-भाकरी, पंगतीचा घाट नको. ऐकतील असं नाही, पण घरच्या बाईचा अर्धा दिवस वाचला तर तीही तुमच्याबरोबर बाहेर पडू शकेल.