इथे फॉलोअर्स लवकर कसे वाढवायचे, आणि आपल्या आवडीची माणसं कशी शोधायची?

माझे सव्वाचार हजार आहेत. त्यातले चार हजार सासरच्या फ्रिजवरून झालेल्या भांडणाचा किस्सा लिहिला तेव्हा आले. मी पेट्या दुरुस्त करतो, हार्मोनियमच्या. त्या चार हजारांतल्या कुणालाही पेटीचा भाता कुठं असतो ते विचारून बघा.

माणसं मिळाली ती दुसऱ्याच उत्तरावर. जून संपत आला होता. कुणीतरी विचारलेलं, पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, काय करू? खाली दोघांनी ठोकून दिलेलं, "उन्हात ठेवा." डोकंच फिरलं. उन्हात ठेवून तडकलेल्या पेट्या शेवटी माझ्याकडेच येतात. रात्री दोन तास बसून लिहिलं. लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात. झाकण काढून घासणारी पट्टी शोधा, तिच्या अंगावरून झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. आणि बेसूर झालेला पितळी सूर, म्हणजे आत वाजणारी पितळेची पातळ जीभ, स्वतः खरवडायला जाऊ नका. टोकाशी खरवडला तर चढतो, बुडाशी खरवडला तर उतरतो, आणि गेलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

सात जणांना आवडलं. सात!

त्यातले एक कोकणातले निवृत्त गुरुजी. त्यांच्या पेटीत खर्जाचा एक सूर घोंघावत होता. म्हटलं, खाली काहीतरी अडकलंय, पातळ कागद सरकवून बघा. दुसऱ्या दिवशी फोटो आला: पोस्टकार्डावर झुरळाचा एक पाय. त्यांनी आणखी दोघांना गाठून दिलं, त्या दोघांनी तिघांना. आता दिवाळीनंतर सगळे पेट्या घेऊन दुकानात येतात. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत उठली नाही. ते बरोबर होतं की नाही, यावर दर वर्षी भांडण होतं. गुरुजी चक्क बंदीच्या बाजूचे. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणतात, आणि तोंडानं असं म्हणत बोटं पट्ट्यांवरच!

माझा मेहुणा फॉलोअर्स वाढवण्याच्या धंद्यातला. "दाजी, रोज तीन पोस्टी टाका, फोटो टाका, सात लाइकमध्ये काय होतं?" हे त्यानं फराळाच्या ताटावर, सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. त्याचे अठरा हजार आहेत. गेल्या महिन्यात त्याच्या लेकीची पेटी बिघडली, त्यानं आधी तिकडेच विचारलं. शंभरावर लोकांनी हात जोडलेले टाकले. पेटी सध्या माझ्या टेबलावर आहे, गुरुवारी देतो म्हटलंय.

तर माणसं हवी असतील तर जुने, कुणी हात न लावलेले प्रश्न उकरा. "छान माहिती" लिहीत फिरू नका. एखाद्याच्या उत्तरात खरंच अडलं तर तेवढंच विचारा. नावाखाली गाव आणि काम लिहा. गुरुजींनी मला त्यावरूनच ओळखलं, त्यांची पेटी आमच्या गावातूनच घेतलेली निघाली.

हां, तुम्हाला क्लास चालवायचा असेल किंवा काही विकायचं असेल तर आकडा लागतो, ते मान्य. मग माझं ऐकू नका, मेहुण्याचं ऐका. त्याचा नंबर मात्र मी देणार नाही.